डेव्हलॉग रील (खान्देश)

गेम तयार होत असताना त्यातला एखादा तुकडा उभ्या, छोट्या व्हिडिओत लोकांसमोर ठेवणे म्हणजे डेव्हलॉग रील. नुकतीच जमलेली उडी, अर्धवट रंगवलेला वाडा, फसलेली चाल असे त्यात काहीही चालते. जाहिरात तयार मालाची असते, डेव्हलॉगमध्ये कच्चे काम दिसते. ही सवय रील्सहून जुनी आहे. ट्विटरवर (आताच्या एक्सवर) ‘स्क्रीनशॉट सॅटरडे’ या हॅशटॅगखाली गेम बनवणारे दर शनिवारी आपले काम टाकत आले आहेत. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. पाठोपाठ जुलैत इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स इथे सुरू झाले, आणि ही नोंद मिनिटाच्या आत आली. पुढे ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्सची मर्यादा तीन मिनिटांपर्यंत वाढली, तरी गेमच्या क्लिपला एवढा वेळ क्वचितच लागतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हे काम करणारा बहुधा एकटाच असतो. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रात्री लॅपटॉप उघडणारा. गेम बनवायचे गोडो, थ्रीडी चित्रे करायचे ब्लेंडर आणि स्क्रीन रेकॉर्ड करायचे ओबीएस ही तिन्ही साधने फुकट असल्याने सुरुवातीला पैसा लागत नाही. अडते ते लॅपटॉपपाशी. गेम चालवायचा आणि त्याच वेळी स्क्रीन रेकॉर्ड करायची, हा दुहेरी भार जुन्या मशीनला झेपत नाही. मग मोबाइल समोर धरून शूटिंग होते आणि स्क्रीनवर पट्टे उमटतात. त्यापेक्षा रिझोल्यूशन कमी करून रेकॉर्ड केलेले बरे.

उदाहरणादाखल बैलगाडी शर्यतीचा गेम घेऊ. गाडी धावते, बांध येतो, चाक थेट जमिनीत शिरते आणि बैल उलटे होऊन आभाळात जातात. चाकाला कोलायडर, म्हणजे वस्तू एकमेकींत शिरू न देणारी अदृश्य कड, लावायचा राहिला, एवढेच कारण. रील करताना बैल उडाल्याचा क्षण पहिल्या दोन सेकंदांत यायला हवा, कारण अंगठा तेवढ्यात पुढे सरकतो. त्यावर आवाज ‘चाक निंघी गयं, भो!’ एवढाच. मग दुरुस्ती, आणि शेवटी तीच गाडी तोच बांध नीट ओलांडताना. शेवटची चौकट पहिलीला जुळवली तर रील पुन्हा फिरताना सांधा जाणवत नाही. गेम आडवा आणि रील १०८० बाय १९२० ची उभी, म्हणून गाडी मधोमध राहील असा कॅमेरा मुद्दाम वेगळा लावतात. खाली नाव-कॅप्शन येते आणि उजवीकडे लाइक-शेअरची बटणे येतात, त्यामुळे गेममधला स्कोअर त्या जागी ठेवला की तो झाकला जातो. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, तेव्हा बोललेले शब्द अक्षरांतही हवेत.

विषयाला खान्देशात तोटा नाही. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके आहेत, कानबाई या लोकदेवीची मिरवणूक आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे आणि धुळ्याजवळचा लळिंग किल्ला आहे. केळीच्या बागेतली पळापळ तर रावेर-यावलच्या माणसाला सांगावीच लागत नाही. बोलीचे मात्र भान हवे. धुळ्याकडची अहिराणी आणि यावलकडची लेवा बोली एक नव्हे, आणि चुकीच्या तोंडी चुकीची बोली घातली की कमेंटमध्ये लगेच धरले जाते.

खरी गोम प्रेक्षकांची आहे. काही अहिराणी गाण्यांचे यूट्यूबवरचे व्ह्यूज कोटींच्या घरात गेले आहेत, त्यामुळे अहिराणीत बोललेली क्लिप गावोगावी फिरणे नवल नाही. पण ती पाहणाऱ्याकडे बहुतेक वेळा मोबाइलच असतो. १०० डॉलर भरून गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, चढवणाऱ्याला कॉम्प्युटरवर विकत घेऊन खेळणारा माणूस हवा असतो, आणि तो क्वचितच इथला असतो. त्याच्यासाठी तीच क्लिप बिनआवाजी, इंग्रजी अक्षरांसह वेगळी टाकावी लागते. त्याने गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, टाकला, तर विक्री सुरू होताच स्टीम त्याला कळवते. म्हणून लाख व्ह्यूजपेक्षा शंभर विशलिस्ट भारी, असे या नोंदकर्त्याचे मत आहे.

त्यात ऑगस्ट २०२३ अखेरपासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक दाबून उघडत नाहीत. पाहणाऱ्याला नाव लक्षात ठेवून शोधावे लागते, आणि ‘आखाजी’चे रोमन स्पेलिंग दहा जण दहा तऱ्हेने करतात. गेमचे नाव क्लिपमध्येच ठळक, एकाच स्पेलिंगने दिसलेले चांगले.

गावाकडचा प्रेक्षक वाया जात नाही, तो गूगल प्लेवर कामी येतो. तिथे २५ डॉलर एकदाच भरून खाते मिळते. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस चाचणी दाखवावी लागते. डिसेंबर २०२४ पूर्वी हा आकडा २० होता. रीलखाली ‘कधी येणार भो?’ असे विचारणारेच इथे परीक्षक होतात. मधेच कोणी बाहेर पडले की मोजणी अडते, म्हणून जाणता माणूस चार-पाच जण जादाच घेतो.