हिवाळ्याची बेगमी दगडात

२७ ऑक्टोबर २०१४ रोजी लिथुएनियाच्या क्लाइपेडा बंदरात २९४ मीटर लांबीचं एक जहाज येऊन लागलं. नाव ‘इंडिपेंडन्स’. जरा भडकच नाव. पण तोवर या देशाचा सगळा नैसर्गिक वायू एकाच पाइपलाइनने रशियाहून यायचा. २००९ अखेर इग्नालिनाचा अणुवीज प्रकल्प बंद झाल्यावर तर गॅसवरची भिस्त आणखी वाढली. विकणारा एकच असला की भावही तोच ठरवणार. गंमत म्हणजे जहाज बंदरात यायच्या आधीच, मे २०१४ मध्ये, गाझप्रोम या रशियन गॅस कंपनीने दर उतरवला.

हे जहाज म्हणजे तरंगतं टर्मिनल. वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि तो सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो. टँकर हा द्रव नॉर्वेहून, अमेरिकेहून आणतात. ‘इंडिपेंडन्स’वर त्याला उष्णता देऊन पुन्हा वायू करतात. परावलंबन संपलं असं नाही, पण दुकानं बदलता येऊ लागली. एप्रिल २०२२ पासून लिथुएनियाने रशियन गॅस घेणंच थांबवलं.

आता थोडा हिशेब. जहाजाच्या टाक्यांत १,७०,००० घनमीटर द्रव मावतो, म्हणजे साधारण १० कोटी घनमीटर वायू. टर्मिनल पूर्ण जोरात चाललं तर दहा-एक दिवसांत टाक्या रिकाम्या. आणि वादळात पुढचा टँकर अडकला तर?

इथे शेजारच्या लाटवियातला इंचुकाल्न्सचा भूमिगत वायूसाठा कामाला येतो. तिथे जमिनीखाली सुमारे ७०० मीटरवर वालुकाश्माचा घुमटासारखा थर आहे. खाली पोकळ गुहा असेल असं वाटतं, पण तसं काही नाही. माठ पाझरतो तो मातीतल्या बारीक छिद्रांमुळे. या दगडातही कणाकणांमध्ये तशीच जागा असते. उन्हाळ्यात कंप्रेसरने वायू आत दाबला की छिद्रांतलं पाणी खाली सरकतं. वरचा घट्ट थर झाकणासारखा बसलेला असल्याने वायू निसटत नाही. हिवाळ्यात उपसता येतो असा वायू सुमारे २३० कोटी घनमीटर, म्हणजे ‘इंडिपेंडन्स’च्या तेवीस खेपा. १९६८ पासूनची ही सोय मुळात सोव्हिएत काळातली. पुढेही अनेक वर्षं उन्हाळ्यात रशियाहून आलेला वायू हिवाळ्यात इथूनच रशियाच्या वायव्य भागात परत जायचा!

जवळजवळ तेवढाच आणखी वायू मात्र कायम खालीच ठेवावा लागतो. तो काढला तर उरलेल्याला वर ढकलायला दाबच राहणार नाही. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह उघडून पाहा: आधी हवा फुस्सकन सुटते, मग नुसती सुस्कारत राहते. साठ्याचंही तसंच. डिसेंबरात तो भरभरून देतो, फेब्रुवारीअखेर तितक्या वेगाने देऊ शकत नाही, आणि थंडी तर तेव्हाही कडाक्याची असू शकते. म्हणून तिथली माणसं साठा किती टक्के भरलाय एवढंच विचारत नाहीत. आज दिवसाला किती उपसता येईल, हेही विचारतात.