गोवर आणि कांजिण्या: एक स्मृती पुसतो, दुसऱ्या दडून बसतात

पोराच्या अंगावर काही उठलं की कोल्हापुरात उशाशी कडुलिंबाचा पाला येतो, मग तो गोवर असो की कांजिण्या. ओळखायला मात्र पुरळ नीट बघितलं तरी पुष्कळ आहे. गोवरात आधी ३-४ दिवस चढा ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मग कानामागून आणि केसांच्या कडेने लाल पुरळ सुरू होतं आणि चेहऱ्यावरून पायांकडे उतरतं. त्यात पाणी नसतं. कांजिण्यांत पाण्याचे फोड आणि भरपूर खाज. पोटावर नवा फोड, फुटलेला फोड आणि खपली एकदमच दिसतात.

खरा फरक पुरळ गेल्यावरचा. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडतो आणि उतारवयात नागीण होऊन उठू शकतो. गोवराचा विषाणू ज्या सीडी१५० प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते नेमकं स्मृतिपेशींवर असतं. जुन्या आजारांची ओळख जपणाऱ्या या पेशीच तो मारतो. पांढऱ्या पेशींची संख्या थोड्याच दिवसांत भरून येते, म्हणून रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो. फसगत इथेच होते: नव्या पेशींपैकी बऱ्याचशा फक्त गोवर ओळखणाऱ्या असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा गोवरानंतर त्यांची इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं (अँटीबॉडी) गेलेली होती. लसीतल्या दुबळ्या विषाणूने असं होत नाही.

‘गोवर येऊन गेला की पोर टणक होतं’ हे फक्त गोवरापुरतंच खरं. पुढचे काही महिने, कधी २-३ वर्षंही, न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणं याकडे लक्ष हवं. धाप लागली, पोर पीत-खात नसेल, तर पाल्यावर न थांबता थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय, गाठा. गोवरात वर्षावरच्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे २ लाख युनिट लागोपाठ २ दिवस देतात; ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला निम्मे. हे दवाखान्यातूनच, घरच्या अंदाजाने नाही. कांजिण्यांत मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नये, यकृत आणि मेंदूला धोका असतो.

एमआर (गोवर-रुबेला) लसीचे डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि १६ ते २४ महिन्यांत. हंगामात कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतल्या मुलांचा दुसरा डोस हुकू शकतो. कार्ड गावाकडे राहिलं तरी अडत नाही. ५ वर्षांपर्यंत जवळच्या आरोग्य केंद्रात राहिलेला डोस मिळतो.