पार्श्वभूमी : ‘तालमीच्या मागं’ या पत्त्याचे अक्षांश-रेखांश

‘बी वॉर्ड, मंगळवार पेठ, तालमीच्या मागं, दुसरा बोळ, कोल्हापूर 416012.’ पोस्टमनला एवढं भरपूर झालं. नातेवाइकांच्या उद्यमनगरातल्या दुकानासाठी गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची एक्सेल शीट मी एका जिओकोडिंग एपीआयला, म्हणजे पत्ता दिला की अक्षांश-रेखांश काढून देणाऱ्या, प्रोग्रॅममधून वापरायच्या सेवेला घातली, तेव्हा मात्र हे गिऱ्हाईक थेट पुण्याच्या मंगळवार पेठेत जाऊन बसलं. शाहूपुरीतली दोघं साताऱ्याला निघाली. साताऱ्यातही शाहूपुरी आहे, त्यामुळे यंत्र अगदीच खोटं बोलत नव्हतं. पण असं का होतं हे कळायला थोडं मागं जावं लागतं, आणि तेही अमेरिकेत.

तिथल्या जनगणना खात्याला 1970 च्या जनगणनेचे फॉर्म टपालानं पाठवायचे होते. आलेला फॉर्म शहराच्या कुठल्या तुकड्यातला, हे संगणकानं पत्त्यावरून ओळखायला हवं होतं. त्यासाठी 1967 पासून न्यू हेवन शहरात प्रयोग सुरू झाले आणि त्यातून ‘डाइम’ नावाची नकाशा-फाईल तयार झाली. या फाईलमध्ये रस्त्याचा एकेक तुकडा नोंदवलेला असे: त्याची दोन टोकं, डावीकडचा भाग, उजवीकडचा भाग आणि दोन्ही बाजूंचे घरक्रमांक कुठून कुठपर्यंत. एका बाजूला 101 ते 199 हे विषम क्रमांक असतील, तर 149 नंबरचं घर साधारण मधोमध धरायचं. घर कोणी बघितलेलं नसतं, त्रैराशिकानं काढलेलं असतं. 1990 च्या जनगणनेसाठी याच कल्पनेवर ‘टायगर’ ही देशभराची फाईल झाली. सरकारी असल्यानं ती सगळ्यांना खुली होती, आणि वेबवरच्या सुरुवातीच्या फुकट जिओकोडिंग सेवा तिच्याच जिवावर चालल्या.

गुगल मॅप्स फेब्रुवारी 2005 मध्ये आलं. अधिकृत एपीआय यायच्या आधीच पॉल रॅडमाकर या प्रोग्रॅमरनं त्याचा कोड उलगडून भाड्याच्या घरांच्या जाहिराती नकाशावर टाचून दाखवल्या. एपीआय त्याच जूनमध्ये खुला झाला, पण पत्ता देऊन अक्षांश-रेखांश मिळायची सोय त्यात 2006 मध्ये आली.

आता हे त्रैराशिक कोल्हापुरात लावून बघा. इथं पत्ता रस्त्याला बांधलेलाच नाही. वॉर्ड, त्यात पेठ, पेठेत गल्ली आणि मग खूण: तालीम, देऊळ, तिकटी. क्रमांक असला तरी तो सिटी सर्व्हेचा. तो जागेच्या तुकड्याला मिळतो, वाटण्या झाल्या की त्याचे पोटहिस्से पडतात, आणि शेजारच्या दाराला पुढचाच नंबर असेल याची खात्री नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली शाहूपुरी किंवा नंतरची राजारामपुरी आखीव. तिथं निदान ‘तिसरी गल्ली’, ‘आठवी गल्ली’ असा हिशेब लागतो. शिवाजी पेठेत तोही नाही. 2009 च्या अखेरीस गुगलनं भारतातल्या रस्त्यांच्या सूचनांमध्ये खुणा सांगायला सुरुवात केली, ती या सवयीपुढं हात टेकूनच म्हणायची.

एकाच नावाची दोन गावं हे दुखणं टपाल खात्याला संगणकाच्या आधीपासून माहीत होतं. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोड काढला. तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. संस्कृत कवी म्हणूनही नाव असलेला हा मराठी माणूस. मी शीटमधून पिनकोडचा रकाना वेगळा काढून पाठवला, तेव्हा पुण्याला गेलेलं गिऱ्हाईक कोल्हापुरात परत आलं. दारात मात्र नाही. देशभरात पिनकोड सुमारे 19,000. एकेका कोडाखाली कितीतरी गल्ल्या येतात.

उत्तरासोबत एपीआय आपला अंदाज किती पक्का तेही सांगत असतो, पण ते कोणी वाचत नाही. गुगलच्या उत्तरात ‘रूफटॉप’ असेल तर घर सापडलं. ‘रेंज इंटरपोलेटेड’ म्हणजे तेच जुनं त्रैराशिक. ‘अप्रॉक्सिमेट’ म्हणजे पेठेपर्यंत आलोय, पुढं तुम्ही बघा. आमच्या शीटमध्ये हा शेवटचा शिक्काच जास्त. आणखी एक खोडा क्रमाचा. कुठं अक्षांश आधी, तर जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाईल-प्रकारात रेखांश आधी. कोल्हापूर साधारण 16.70 उत्तर, 74.24 पूर्व. आकडे उलटे पडले की अख्खं करवीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात.

पैशाचंही बघावं लागतं. गुगलनं 2018 मध्ये दर बदलले, तेव्हा हजार पत्त्यांना 5 डॉलर असा भाव झाला आणि आलेले आकडे 30 दिवसांपेक्षा जास्त साठवायचे नाहीत अशी अट. लोकांनीच भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारी नॉमिनॅटिम सेवा फुकट, पण तिच्या सार्वजनिक सर्व्हरला सेकंदाला एकापेक्षा जास्त प्रश्न विचारायचा नाही, आणि तालीम नकाशात कोणी भरलीच नसेल तर तिला कुठून सापडणार? टपाल खात्यानं 2025 मध्ये आणलेला डिजिपिन देशाचे सुमारे 4 मीटर बाय 4 मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरं-आकडे मिळून दहा चिन्हांचा कोड देतो. पण तो अक्षांश-रेखांशावरूनच निघतो. ‘तालमीच्या मागं’वरून नाही.

दुकानाच्या शीटला आता दोन रकाने जास्त आहेत. माल पोचवणारा पोरगा गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून मोबाईलवरचं लोकेशन पाठवतो, आणि संध्याकाळी ते त्यात चढवलं जातं.