ओळ खोडली म्हणजे पासवर्ड गेला, असं नाही

गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, चुकून पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चढली, तर ती ओळ खोडून पुन्हा कमिट करा (बदल नोंदवा), झालं काम! हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबणं महागात पडतं.

2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट, म्हणजे गिटहबच्या मुळाशी असलेलं सॉफ्टवेअर, लिहिलं ते बदलांचा इतिहास जपण्यासाठीच. प्रत्येक कमिटमध्ये त्या वेळची सगळ्या फाइलींची अवस्था साठते. नवी कमिट आली तरी जुनी जागची हलत नाही. रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात) ‘कमिट्स’वर क्लिक करून ती कमिट उघडून पाहा: खोडलेली ओळ लाल पट्टीत, वजा चिन्हासह, जशीच्या तशी दिसते. त्यात कमिटचा संदेश ‘पासवर्ड काढला’ असेल, तर शोधणाऱ्याला आयतीच खूण मिळते. ‘गिटइग्नोर’मध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) फाइलचं नाव नंतर घालूनही काही होत नाही, आधीच ट्रॅक होणाऱ्या (गिटच्या नोंदीत असलेल्या) फाइलींना ती यादी लागूच नसते.

म्हणून सगळ्यात आधी ती की रद्द करा, नवी घ्या. सार्वजनिक रिपॉझिटरी चाळणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) असतात, तेव्हा की कुणाच्या तरी हाती लागली असंच धरून चाला. मग ‘गिट फिल्टर-रेपो’ या साधनाने इतिहासातून फाइल काढून फोर्स पुश करा (गिटहबवरच्या जुन्या इतिहासाच्या जागी नवा चढवा). त्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश (कमिटचे ओळखक्रमांक) बदलतात, त्यामुळे सहकाऱ्यांनी नव्याने क्लोन करायला (पूर्ण प्रत उतरवून घ्यायला) हवं; कुणी जुन्या प्रतीतून मर्ज केलं (बदल मिसळले) की फाइल परत हजर! फोर्कमधल्या (इतरांनी आपल्या खात्यात घेतलेल्या) प्रती तरीही उरतात, त्या ज्याच्या त्यानेच काढायच्या. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मूळ कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) अडकलेल्या कमिटसाठी मात्र गिटहब सपोर्टला लिहावं लागतं.