ओला कचरा घरीच जिरवणे (पुणे)

स्वयंपाकघरातला कुजणारा कचरा घराबाहेर जाऊ न देता बादलीत किंवा कुंडीत त्याचे खत करणे, याला पुण्यात सर्रास ‘कचरा जिरवणे’ म्हणतात. बाल्कनीएवढी जागा पुरते. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत गेला आणि तिथल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध वारंवार आंदोलने केली. त्यामुळे या सवयीला इथे छंदापलीकडचे वजन आहे.

दुसरे कारण दारात येणाऱ्या कचरावेचकांचे. कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. घरटी मिळणाऱ्या मासिक शुल्काखेरीज सुका माल विकून या कचरावेचकांची कमाई होते. आमटीने भिजलेला पुठ्ठा भंगारवाला कमी भावाने घेतो, नाहीतर घेतच नाही. शिवाय निवडणे हातानेच होते. ओले घरात जिरले की सुके कोरडे राहते. सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे. न उघडता ओळखू यावे एवढाच ठिपक्याचा हेतू.

चौघांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी रंगाच्या २० लिटरच्या तीन रिकाम्या बादल्या घ्याव्यात. एकच बादली घेणारे महिन्याभरात हात टेकतात, कारण ती तीनेक आठवड्यांत भरते आणि खत व्हायला ४५ ते ६० दिवस लागतात. तिसरी भरेपर्यंत पहिली रिकामी करण्याजोगी होते. बादलीच्या अंगाला चार-चार इंचांवर पेन्सिलीएवढी आणि बुडाला पाच-सहा भोके पाडावीत. खाली दोन विटा आणि ताटली ठेवावी. तळाशी तीन इंच नारळाच्या शेंड्या, त्यावर सुकी पाने, आणि विरजण म्हणून दोन मुठी जुने खत किंवा वाळलेले शेण.

मग रोजचा कचरा इंचभर चिरून टाकायचा आणि एक वाटी कचऱ्याला एक ते दोन वाट्या सुका पालापाचोळा वर पसरायचा. भाजीपाल्यात पाणी आणि नत्र जास्त. पानांत कर्ब असतो आणि ती थरांत हवा खेळती ठेवतात. तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करावे. मूठ आवळल्यावर लाडू वळला पण पाणी गळले नाही, तर ओल बरोबर आहे.

बहुतेक बादल्या पानांअभावी बिघडतात. पुण्यात पानगळ हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर होते, तेव्हा रस्त्याकडेला पाने पेटवलेलीही दिसतात. त्याच वेळी दोन-तीन पोती भरून ठेवावीत. जुलैत सुके पान शोधून सापडत नाही आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) विकत आणावे लागते.

कुजकट वास आला तर ओल जास्त आणि हवा कमी झालेली असते: पाने वाढवावीत, ढवळावे, दोन दिवस नवीन काही टाकू नये. मुंग्या आल्या म्हणजे बादली कोरडी पडली. एप्रिल-मेमध्ये हे हमखास होते, आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडावे. चिलटे फळांच्या उघड्या सालींवर येतात, म्हणून वरचा थर नेहमी पानांचाच हवा. पांढरी बुरशी चांगले लक्षण. जाड करड्या अळ्या पाहून अनेक जण बादली फेकून देतात. त्या बहुधा सैनिक माशीच्या असतात, माणसाला उपद्रव करत नाहीत आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. वर सुक्या पानांचा जाड थर दिला की कमी होतात.

मांस, हाडे, दूध आणि तेलकट आमटी घरगुती बादलीत नको: वास येतो, उंदीर येतात. आंब्याची कोय आणि करवंटी या मुदतीत कुजत नाहीत. शिळ्या पोळीचा आधी कुस्करा करावा. उरलेले अन्न निचरून, मूठभरच टाकावे.

सोसायट्यांचा हिशेब निराळा. २०१६ च्या केंद्रीय नियमांत दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणारे ‘मोठे निर्माते’ धरले होते. अशांचा ओला कचरा शक्यतो आवारातच जिरणे अपेक्षित आहे. तिथे देखभालीला नेमलेला माणूस नसेल तर महागडे यंत्रही धूळ खात पडते.

तयार खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. ते चाळावे, वर राहिलेला भरडा पुढच्या बादलीचे विरजण होतो. एक भाग खत, तीन भाग माती असे मिसळावे किंवा १२ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी घालाव्यात. हाताला गरम लागणारे खत अजून कच्चे आहे: ते कुंडीत कुजत राहते, मातीतले नत्र ओढते आणि झाडाची पाने पिवळी पडतात. असे खत आणखी पंधरा दिवस बादलीतच मुरू द्यावे.