'बघू' या एका शब्दाचे किती सूर

"येशील ना रविवारी?"

"बघू."

या उत्तराचा अर्थ शब्दकोशात सापडणार नाही. 'घू' जरा लांबवला आणि वर चढवला, तर यायची इच्छा आहे, एखादी अडचण तेवढी सुटायची आहे. तोच शब्द तुटक आला आणि बोलणाऱ्याची नजर मोबाइलवरून हललीच नाही, तर विचारणारा ते नाव मनातल्या मनात यादीतून खोडून टाकतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मध्ये एका प्रयोगासाठी असाच ना धड होकाराचा, ना नकाराचा शब्द निवडला होता. इंग्रजीतला 'मेबी', म्हणजे आपला 'कदाचित'. तो आपुलकीच्या, कोरड्या आणि नावडीच्या सुरात ध्वनिमुद्रित करून वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांसोबत ऐकवला आणि बोलणाऱ्याच्या मनात काय असेल ते ऐकणाऱ्यांना विचारलं. सुट्या शब्दांवरच्या आणखी एका प्रयोगाशी हे निष्कर्ष जोडून एक सूत्र निघालं: शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, चेहरा ५५ टक्के.

पुढे या सूत्राचा फार विपर्यास झाला. 'संवादात ९३ टक्के वाटा देहबोलीचा आणि आवाजाचा' हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं असतं, तर अनोळखी भाषेतलं भाषण आपल्याला जवळजवळ सगळंच कळायला हवं होतं! हे आकडे फक्त आवडनिवड आणि भावना व्यक्त करण्यापुरते आहेत, असं खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलं आहे. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, तेव्हा आपण सुरावर विश्वास ठेवतो, एवढाच या आकड्यांचा आवाका. मला तर तेवढंही खूप मोलाचं वाटतं.

सुरावर हा विश्वास का? एक कारण घशातच आहे. बोलताना पुरुषाच्या स्वररज्जू सेकंदाला साधारण ११०–१२० वेळा कंप पावतात, स्त्रीच्या सुमारे २०० वेळा. मनावर ताण आला की स्वरयंत्राचे स्नायू आखडतात, स्वररज्जू ताणल्या जातात आणि पट्टी चढते. शिवाय स्वरयंत्राला चेतवणाऱ्या शाखा ज्या व्हेगस मज्जातंतूतून फुटतात, तोच मज्जातंतू हृदयाच्या ठोक्यांनाही लगाम घालतो. शब्द निवडून, तोलूनमापून वापरता येतात. आवाजातला कंप तसा आवरता येत नाही.

२००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शल्यचिकित्सकांच्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले. त्यांतल्या वरच्या कंप्रता, म्हणजे आवाजातले उंच पट्टीचे अंश, गाळल्यावर शब्द पुसले गेले, उरला फक्त सूर, भिंतीपलीकडून बोलणं ऐकू यावं तसा. ज्यांचा सूर ऐकणाऱ्यांना हुकमत गाजवणारा आणि काळजीचा ओलावा नसलेला वाटला, त्यांच्यावर पूर्वी रुग्णांनी दावे लावलेले असण्याची शक्यता जास्त निघाली. सुरामुळेच दावे झाले असं यातून सिद्ध होत नाही, पण आजारी माणसाच्या कानाला काय टोचत असेल याचा अंदाज येतो.

देहबोलीच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. हाताची घडी घातलेला माणूस नाराज असेल, किंवा त्याला थंडी वाजत असेल. समोरच्याचं बोलणं, चेहरा, हावभाव यांवरून खोटं ओळखण्याच्या २०० हून अधिक अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लोकांचे अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरले. नाणं उडवलं तरी ५० टक्के जमतं.

आणि शांतता? तीही बोलते. जगातल्या दहा भाषांमध्ये प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर मोजलं, तेव्हा ते सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरलं. त्यामुळे "मदत करशील का?" नंतर एखादा सेकंद जरी रेंगाळला, तरी "हो" येण्याआधीच आपण खट्टू होतो.

मेसेजमध्ये यातलं काहीच जात नाही. लिहिणाऱ्याला मात्र ते गेल्यासारखं वाटतं, कारण स्वतःचा सूर त्याच्या डोक्यात वाजत असतो. १९९० मध्ये मानसशास्त्राच्या अभ्यासक एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. निम्मी गाणी ऐकणाऱ्याला ओळखता येतील असं वाजवणाऱ्यांना वाटलं होतं. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याला संपूर्ण गाणं ऐकू येत होतं, समोरच्याला नुसती टकटक.

परवा कामाच्या गडबडीत मी ताईला "ठीक आहे." एवढाच मेसेज पाठवला. माझ्या डोक्यात तो हसतच निघाला होता. दोन मिनिटांत तिचा फोन आला.

"रागावलीस का गं?"

"अगं नाही!"

पुढे काहीच समजावून सांगावं लागलं नाही. ती लगेच दुसऱ्या विषयावर बोलू लागली.