उतारवयातील गुडघेदुखी आणि हालचाल

उतारवयातील गुडघेदुखी हा एकच आजार नसून अनेक कारणांनी उद्भवणारे लक्षण आहे. मात्र पन्नाशीनंतर जडलेल्या आणि टिकून राहिलेल्या दुखण्यामागे बहुधा झिजेचा संधिवात, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस, आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२.८ कोटी लोकांना हा विकार होता; त्यांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. या विकाराने सर्वाधिक ग्रासला जाणारा सांधा गुडघा हाच होय.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेत, म्हणजेच गुळगुळीत, लवचिक आवरणात, मज्जातंतू नसतात. त्यामुळे वेदना कूर्चेतून नव्हे, तर तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालच्या ऊती यांतून उमटते. क्ष-किरण चित्रात बरीच झीज दिसूनही एखाद्याला फारसा त्रास नसतो, तर किरकोळ बदल असलेली व्यक्ती जिना चढताना कळवळते. म्हणूनच केवळ चित्र पाहून हालचालीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

त्रासाची चाहूल बहुधा सपाट रस्त्यावर नव्हे, तर जिन्यावर लागते. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि जिन्यावर तो आणखी वाढतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरून धरावा लागतो, त्यामुळे अनेकांना चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. मग दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून उतरण्याची सवय लागते. बुटक्या आसनावरून किंवा शौचकूपावरून उठणे, वाहनात चढणे, खाली पडलेली वस्तू उचलणे अशी गुडघा भाराखाली वाकवण्याची कामे त्यानंतर एकेक करून जड होत जातात. सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर सांधा आखडलेला असतो. हा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सैल होतो. पुढच्या टप्प्यात रात्रीही ठणका लागतो आणि झोपमोड होते.

याहून घातक, पण सहज नजरेआड होणारा परिणाम म्हणजे माणसाने स्वतःहून हालचाल आटोपती घेणे. वरच्या मजल्यावर जाणे थांबते, भेटीगाठी कमी होतात, आणि दुखणारी कामेच टळल्यामुळे तक्रारही घटते. घरच्यांना ती सुधारणा वाटते, पण बहुधा तसे नसते. वेदना आणि सूज यांमुळे मांडीचे स्नायू आधीच पूर्ण जोर लावत नाहीत, त्यात वापर कमी झाल्याने ते आणखी क्षीण होतात, आणि आधार गमावलेला सांधा अधिक दुखू लागतो. पाय दगा देईल या धास्तीने पावले आखूड पडतात, तोल सांभाळण्याची क्षमता घटते आणि पडण्याचा धोका वाढतो.

हालचाल मोजण्यासाठी खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे व परत येऊन बसणे यास लागणारा वेळ पाहतात. ही साधी चाचणी १९९१ पासून रूढ आहे. उपचारांत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि गरजेनुसार वजन घटवणे यांना पहिले स्थान आहे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, तरी ती त्याच बाजूला धरलेली अनेकदा दिसते. बसण्याची जागा उंच करणे आणि स्नानगृहात आधाराचे दांडे बसवणे यांमुळे उठण्याबसण्याचे श्रम कमी होतात. या उपायांनी भागत नसेल तर कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया केली जाते. तिने बहुतेकांची वेदना बरीच कमी होते, पण गुडघे टेकून बसणे पुष्कळांना नंतरही अवघडच जाते.